दांड्याचा दोष

बोरिवली (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९८५

भाऊराव, तुला जय भीम, आणि माझ्याकडून रामराम.

दिवाळी झाली. तुझ्याकडे मुलुंडला फराळाचा डबा पोचवायचा म्हणून सुगंधा माझ्या मागे लागली होती. पण तुझी सुट्टी शुक्रवारी, माझी सोमवारी. डबा काही आपल्या पायांनी येणार नाही, तेव्हा आम्हीच तो संपवला. शिव्या द्यायच्या तर मला दे, तिला नको.

पत्र कामाचं आहे. गेल्या खेपेला तू विचारलं होतंस, गिरणीत माग चालवणारा साचेवाला नर्सरीत करतो काय? ट्रॅक्टर चालवतो! हसू नकोस. आमच्या मालकीणबाई कुंदाताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांच्या वडिलांनी सत्तावन्न साली बागेसाठी एक विलायती ट्रॅक्टर आणला होता. आकाराने वासराएवढा, पण आवाज असा की बोरिवली स्टेशनात गाडी आली असं वाटावं. मागे दोन फाळांचा नांगर. ओळ संपली की सीटच्या उजव्या हाताला एक लोखंडी दांडा आहे तो ओढायचा, नांगर वर येतो, दात्यात अडकतो. ट्रॅक्टर वळवायचा आणि नांगर परत खाली सोडायचा. दिवसातून शंभर वेळा तरी.

तर तो दांडा हल्ली फार जड झालाय. गंज असेल नाहीतर काही वाकलं असेल. तू एवढी वर्षं आमच्या गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होतास, आता मरोळला हायड्रोलिक प्रेस बनवतोस, तुला कळेल. काय करू ते कळव. लवकर कळव, गुलाबाचे नवे वाफे जानेवारीच्या आत व्हायला हवेत.

तुझा,
सहदेव

*

मुलुंड (पूर्व)
२४ नोव्हेंबर १९८५

सहदेव,

फराळ खाल्लास ते खाल्लास, वर लिहून कळवतोस. तुझ्यासारखा निर्लज्ज मनुष्य साऱ्या गिरणीत दुसरा नव्हता.

दांड्याचं ऐक. जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे रॉकेल सोड, रात्रभर ठेव, सकाळी पुसून ग्रीस भर. बोटाने नको, पंपाने भर. दांड्याच्या बुडाशी एक स्प्रिंग असेल, ती ताणून गेली असेल तर सगळं वजन हातावर येतं. ती बदल.

एवढ्याने नाही जमलं तर मी येत्या शुक्रवारी येतो. दुरून नाडी बघणं मला जमत नाही.

भाऊराव

*

बोरिवली
३ डिसेंबर १९८५

भाऊराव,

रॉकेल सोडलं. ग्रीस भरलं. स्प्रिंग नवी टाकली. दांडा आहे तसाच जड.

तू येऊ मात्र नकोस. कुंदाताईंना बाहेरचा माणूस आवारात आलेला खपत नाही. आल्यावर पन्नास प्रश्न विचारतील आणि पेपर तपासावा तशी तुझी उत्तरं तपासतील. शिवाय मला कामावर ठेवताना त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं, ते मी विसरलेलो नाही. म्हणाल्या, "सहदेव, आधीचे दोघे दांडा उचलता येईना म्हणून गेले. ज्याला उचलता येईल तो राहील." आता मीच दांड्याची तक्रार घेऊन मेकॅनिक आणला तर काय समजतील? गिरणी सुटल्यावर अडीच वर्षं घरी बसून काढली, भाऊराव. या वयात पुन्हा दारोदार फिरणं माझ्याने होणार नाही.

दुसरा काही उपाय असेल तर पत्राने सांग. पत्रानेच.

सहदेव

*

बोरिवली
९ डिसेंबर १९८५

भाऊराव भावोजींना सुगंधाचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. शेजारच्या शकुने पाकिटावर पत्ता घातला, आतलं अक्षर माझंच आहे, तेव्हा चुका पदरात घ्या.

भावोजी, तो दांडा ठीक आहे. यांचा खांदा गेला आहे.

गणपतीपासून उजवा हात वर जात नाही. केस विंचरता येत नाहीत. शर्टाची बाही मी घालून देते, आणि मी बघते आहे हे बघून हे रागावतात. नर्सरीत पाणी घालणारा माणिक आहे, बावीस-तेवीस वर्षांचा, तो कुंदाताईंची पाठ वळली की येऊन दांडा ओढून देतो. त्या समोर असल्या की हे डाव्या हाताने आणि पायाने रेटून उचलतात आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच, "माका काय झाला नाय!" एकदा मात्र म्हणाले, डॉक्टरने काम बंद कर सांगितलं तर मग काय करू? त्या दिवसापासून मी डॉक्टरचं नाव काढलं नाही.

तुम्हाला येऊ देत नाहीत ते कुंदाताईंमुळे नाही. तुम्ही पाहाल म्हणून.

तुम्हीच काहीतरी करा. पण मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये, घरात राहणं कठीण होईल. हे पत्र पोचलं की त्यांच्या पत्रात कुळथाच्या पिठीबद्दल काहीतरी लिहा, म्हणजे मी समजेन.

आपली,
सुगंधा

*

मुलुंड
१५ डिसेंबर १९८५

प्रिय सहदेव,

उत्तराला उशीर झाला. सहा तारखेला दादरला गेलो होतो, नंतर कारखान्यात ओव्हरटाइम लागला.

तुझ्या दांड्याबद्दल आमच्या इंजिनीअर साहेबांशी बोललो. त्यांनी सांगितलं ते शब्दशः लिहितो. त्या काळच्या विलायती छोट्या ट्रॅक्टरांच्या दांड्यांत मुळातच दोष होता. जुने होत जातात तसे जड होत जातात. कितीही ग्रीस भरा, फरक पडत नाही. दोष यंत्राचा आहे, चालवणाऱ्याचा नाही. हे तू कुंदाताईंना खुशाल सांग, मुख्याध्यापिका आहेत, इंजिनीअरचं नाव घेतलं की ऐकतील.

उपाय एकच, दांडा काढून टाकायचा आणि हायड्रोलिक लिफ्ट बसवायची. घाबरू नकोस. इंजिनाच्या जोरावर एक पंप फिरतो, तो तेल सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडरचा दट्ट्या नांगर उचलतो. तू फक्त एक छोटी मूठ पुढे-मागे करायची. पंप मी कुर्ल्याच्या भंगारातून आणतो, सिलिंडर स्वतः लेथवर करतो. शेठ मला शिफ्ट सुटल्यावर मशीन वापरू देतात. गेल्या वर्षापासून हात शिवशिवतायत असलं काहीतरी करायला, तेव्हा उपकार वगैरे शब्द काढू नकोस.

मला मापं हवीत. नांगर जिथून उचलला जातो तो आडवा आस किती जाड, त्याच्यापासून सीटखालची पट्टी किती लांब, नांगर किती वर जायला हवा. इंजिनाच्या बाजूला पट्ट्याचं चाक असेल, त्याचाही व्यास मोज. सुतळीने मोज, गाठी मार आणि सुतळीच पाकिटात घालून पाठव. तुझ्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

आणि हो, वहिनींना सांग, कुळथाच्या पिठीचं नीट समजलं. काळजी करू नये.

भाऊराव

*

बोरिवली
२३ डिसेंबर १९८५

भाऊराव,

सुतळी सोबत आहे. चार गाठी, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे.

कुंदाताईंना इंजिनीअर साहेबांचं सांगितलं. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हटलं, आता संपलं. मग म्हणाल्या, "माझे वडील मात्र साठाव्या वर्षापर्यंत उचलत होते." पुन्हा म्हणाल्या, "पण इंजिनीअर म्हणतात तर असेल. बसवा. मोडलात तर मात्र वडिलांची वस्तू आहे, लक्षात ठेवा." तेव्हा परवानगी मिळाली, पण मानेवर सुरी ठेवून.

खरं सांगू, तुझं पत्र वाचून बरं वाटलं. दोष यंत्राचा आहे हे कोणीतरी शिकलेल्या माणसाने सांगायला हवं होतं. दोनदा वाचलं.

कुळथाच्या पिठीचं काय ते कळलं नाही. तू कधीपासून कुळीथ खायला लागलास? सुगंधाला विचारलं तर हसली आणि पाणी भरायला गेली.

सहदेव

*

मुलुंड
८ जानेवारी १९८६

सहदेव,

सामान शिवदासच्या टेम्पोतून पाठवतो आहे. माझा मावसभाऊ, तुला ओळखतो. पंप मोडीत काढलेल्या एका फोर्कलिफ्टचा आहे, आतून नव्यासारखा. सिलिंडर माझा. तीन संध्याकाळी घासलंय त्याला, आत तोंड बघून भांग पाडशील. लोखंडी टाकी, मूठ, दोन होज पाइप, चामड्याचा पट्टा, आणि पाच लिटर तेल. दुसरं कुठलंही तेल घालायचं नाही. दुकानदाराने ब्रेकचं तेल दिलं तर त्याच्या डोक्यावर ओत.

जोडणीचं चित्र काढून ठेवलं आहे. माणिक नावाचा कोणी मुलगा तिथे आहे असं ऐकलं. जड वस्तू त्याला उचलू दे. तू जोडायचं काम कर, मुकादमाने उचलायचं नसतं.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नकोस. नांगर वर असताना त्याच्याखाली हात किंवा पाय घालायचा नाही. तेलावर तोललेलं वजन आहे.

भाऊराव

*

बोरिवली
१७ जानेवारी १९८६

भाऊराव,

तीळगूळ घे, पण गोड बोलायची आज माझी तयारी नाही.

तुझं सगळं सामान तुझ्या चित्राबरहुकूम जोडलं. दोन दिवस लागले. आज सकाळी कुंदाताई खुर्ची टाकून समोर बसल्या. इंजिन चालू केलं, मूठ ओढली. नांगर जागचा हलला नाही. आणि पंपाच्या आसाभोवती तू बसवलेला रबरी सील फटकन फुटला आणि तेलाची चिळकांडी सरळ माणिकच्या नव्या शर्टावर. तो ओरडला, "काका, वाट लागली!" सगळी नर्सरी गोळा झाली.

कुंदाताई उठल्या, खुर्ची उचलली आणि गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दांडा काढून ठेवलाय आणि तुझी लिफ्ट चालत नाही. आता नांगर ना हाताने उचलता येत, ना तेलाने. त्यांनी सांगितलंय, पंधरा दिवसांत नाही झालं तर दुसरीकडून माणूस आणि भाड्याचा ट्रॅक्टर बोलावू.

मन लावून सील बसवायचा होतास रे. तुझ्यावर भरवसा टाकून बसलो होतो.

सहदेव

*

मुलुंड
२० जानेवारी १९८६

सहदेव,

तुझं पत्र आलं आणि जेवण गेलं नाही. तीस वर्षांत माझा सील फुटल्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

काल शिफ्टनंतर तसाच दुसरा पंप उघडून बसलो. सील बरोबर, बसवण्याची बाजू बरोबर, तेल बरोबर. त्याच जातीचा सील लावून तासभर चालवला, एक थेंब गळला नाही. मग तुझाच कसा फुटला? मी भंगारातला पंप तुझ्या गळ्यात मारला की काय, या विचाराने डोकं फिरलंय. तुझ्या पोटावर पाय आला तर मी तुला तोंड कसं दाखवू?

आता रागाने नको, नीट आठवून उत्तर दे. टाकीत तेल किती होतं? कुठला पाइप कुठे लावलास? आणि पट्टा कसा घातलास?

ताबडतोब लिही.

भाऊराव

*

पोस्टकार्ड
बोरिवली, २३ जानेवारी

भाऊराव, तेल टाकी भरून. पाइप चित्राप्रमाणे, माणिकने आणि मी दोनदा ताडून पाहिले. पट्टा कसा म्हणजे? मारतात तसाच, मधे पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा. सव्वीस वर्षं साच्यावर पट्टे मारले आहेत, तो मला शिकवू नकोस. पीळ दिला की पट्टा चाकाला घट्ट धरतो, घसरत नाही. सहदेव.

*

मुलुंड
२६ जानेवारी १९८६

अरे गाढवा!

पट्ट्याला पीळ दिला की पुढचं चाक उलटं फिरतं! साचा उलट्या चाकावरही जोडता येतो, पंप नाही. सहदेव, तू पंप उलटा फिरवलास. तो बिचारा सिलिंडरकडून तेल ओढून टाकीकडे ढकलत राहिला आणि शेवटी उलटा दाब येऊन सील फुटला. माझा सील चांगला होता, माझा पंप चांगला आहे, माझा सिलिंडर चांगला आहे! पोस्टकार्ड वाचून मी इतक्या मोठ्याने हसलो की आमची सौ. सुंदराबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला पट्टा समजावून सांगितला. ती म्हणाली, "मग तुम्ही पंपावर बाण का नाही काढला?"

बरोबर आहे तिचं. कारखान्यात मोटर आधीच जोडलेली असते, बाण काढायची सवय राहिली नाही. तेव्हा अर्धा गाढव मी.

शिवदासबरोबर नवा सील, ऑइलपेंटचा लाल बाण काढलेली पाटी आणि दोन लिटर तेल पाठवतो. पट्टा सरळ मार. सरळ! घसरला तर मेण लाव.

आज सहा दिवसांनी भूक लागली आहे.

भाऊराव

*

बोरिवली
२ फेब्रुवारी १९८६

भाऊराव,

उचललं! एका बोटाने! मूठ मागे घेतली आणि तो दीड मणाचा नांगर अलगद वर आला. पुन्हा खाली सोडला, पुन्हा उचलला. दहा वेळा. माणिक टाळ्या वाजवत होता. मी ट्रॅक्टरच्या मागे जाऊन तोंड धुतलं, कारण डोळे भरून आले होते आणि सगळे बघत होते. तुझे हात सोन्याचे आहेत रे.

हे सकाळी. दुपारी मन खाली बसलं. आता मनात आहे ते लिहितो.

माणिक म्हणाला, काका, मी बघू? मी सीटवर बसवला. त्यानेही एका बोटाने उचलला. मग पाणी भरणाऱ्या रुक्मिणीने सहज हात लावला, तिनेही उचलला. भाऊराव, ज्याला दांडा उचलता येईल तो राहील असं ठरलं होतं. आता कोणालाही उचलता येतो. मग मी कशाला? मला ठेवलं होतं ते ताकदीसाठी, आणि ताकद आता पाच लिटर तेलात आली.

कुंदाताईंनी लांबून पाहिलं. म्हणाल्या, गुरुवारी मी स्वतः चालवून बघते. मला हसू येत नव्हतं तरी मी हसलो.

सहदेव

*

पोस्टकार्ड
मुलुंड, ६ फेब्रुवारी

सहदेव, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुझा त्रास कमी करायला निघालो आणि तुझीच गरज संपवून बसलो की काय? रात्री झोप नाही. आज गुरुवार, तिथे काय चाललं असेल? तू नको म्हणालास तरी उद्या शुक्रवारी मी येणार आहे. कुंदाताईंच्या पाया पडायची वेळ आली तर तेही करीन. भाऊराव.

*

बोरिवली
१६ फेब्रुवारी १९८६

प्रिय भाऊराव,

तू त्या शुक्रवारी आलास आणि ट्रॅक्टरवर ताडपत्री पाहून तुझा चेहरा पडला, हे माणिकने सांगितलं. मी डॉक्टरकडे होतो. घरी यायला वेळ नव्हता म्हणून माणिकजवळ निरोप ठेवून गेलास, त्यानेही तुला अर्धवट काहीतरी सांगितलं. आता सगळं क्रमाने लिहितो, सुगंधा शेजारी बसली आहे, काही लपवू देणार नाही.

गुरुवारी कुंदाताई पदर खोचून ट्रॅक्टरवर बसल्या. शाळा सुटल्यासारखी सगळी माणसं बांधावर. त्यांनी नांगर उचलला, सोडला, चार वेळा. खूश झाल्या. मग म्हणाल्या, एक ओळ काढते. काढली. भाऊराव, ती ओळ होती की सापाची वाट! गुलाबाच्या वाफ्यावरून निघाली आणि जांभळाच्या झाडापाशी पोचली. वळवून दुसरी काढली, ती पहिलीला दोनदा छेदून गेली. कोणाची हसायची हिंमत नव्हती. नंतर माणिकला बसवलं. त्याची जरा बरी, तरी वाकडीच.

उतरल्या. घाम पुसला. मला म्हणाल्या, "आता तुम्ही काढा." मी बसलो. समोर बांधावरच्या खांबावर नजर लावली आणि गेलो. सव्वीस वर्षं ताण्याचे धागे बघितलेत, त्यात एक जरी हलला तर डोळ्याला टोचतो. ओळ निघाली. दुसरी तिच्या शेजारी निघाली. त्या काठाशी उभ्या राहून दोन्हीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "उचलायला काय, आता कोणीही उचलेल. सरळ कोण काढणार?"

मला तिथेच राहवलं नाही. ट्रॅक्टर बंद केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. ताई, दांडा जड नव्हता. खांदा गेलाय माझा. गणपतीपासून हात वर जात नाही. मी खोटं बोललो, इंजिनीअरचं नाव पुढे केलं.

त्या म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जायचं. माझ्या ओळखीचे आहेत, चिठ्ठी देते."

तेव्हा मी गेलो. पाच महिने टाळलं ते पाच मिनिटांत झालं. डॉक्टरने हात इकडे-तिकडे फिरवला, मी ओरडलो, आणि ते म्हणाले, खांदा गेलेला नाही, आखडलाय. या वयात होतं. शेक, रोज व्यायाम, आणि तीन आठवडे हाताने काही ओढायचं नाही. सहा-आठ महिन्यांत हात पुन्हा वर जाईल. मी त्यांना दोनदा विचारलं, नक्की? बाहेर आलो आणि सुगंधाला म्हटलं, चल, उसाचा रस पिऊ. तिने माझ्याकडे बघितलं आणि भर रस्त्यात रडायला लागली. मग तिने कबूल केलं की तुला पत्र तिने लिहिलं होतं. मेल्या, तुला सगळं ठाऊक होतं! आणि मला दोष यंत्राचा आहे म्हणून शिकवत होतास! तुझे इंजिनीअर साहेबही तूच. तुम्हा दोघांवर रागवावं म्हणून पूर्ण संध्याकाळ प्रयत्न केला, जमलं नाही.

पण तीन आठवडे म्हटल्यावर पुन्हा दिवस मोजायला लागलो. तीन आठवड्यांत वाफे होऊन जातील, दुसरा कोणीतरी सीटवर बसेल, आणि मग कोण कोणाला उठवतो? कुंदाताईंना चिठ्ठी पाठवली आणि घरी पडून राहिलो. उत्तर आलं नाही. आठ दिवस भिंतीकडे बघत होतो.

काल संध्याकाळी माणिक आला. सांगत होता, कुंदाताईंनी ट्रॅक्टरवर ताडपत्री घातली, किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. शेजारच्या नर्सरीतला एक ड्रायव्हर आला होता, म्हणाला, बाई, पडूनच आहे तर मी वाफे करून देतो, लिफ्टही छान बसवलीय. कुंदाताई त्याला म्हणाल्या, "नको. वाफे थांबतील. ट्रॅक्टरचा माणूस सुट्टीवर आहे."

माणिककडून ते वाक्य मी तीनदा वदवून घेतलं. भाऊराव, गिरणी गेल्यापासून मी घरी बसलेला माणूस होतो. आज मी सुट्टीवर आहे.

तुझा,
सहदेव